नकाशावरची कोरी जागा

प्राचीन वस्त्यांचा नकाशा संगणकावर उघडला की नजर आधी ठिपक्यांवर जाते. मधून नदीची निळी रेघ, दोन्ही बाजूंना तपकिरी चढ आणि चढाच्या पायथ्याशी लाल ठिपक्यांची रांग. नदीलगतचा सपाट पट्टा मात्र कोरा. मग एक वाक्य आपोआप ओठांवर येते : पुराच्या धास्तीने लोक नदीपासून लांब, उंचावर राहायचे. वाक्य शहाण्यासारखे आहे, कुणाला खटकणार नाही, शोधनिबंधात सहज खपून जाईल. अडचण एवढीच, की ते माणसांबद्दल खरे आहे की गाळाबद्दल, हे नकाशा सांगत नाही.

मी जीआयएसवर, म्हणजे नकाशे आणि त्यांमागची माहिती हाताळणाऱ्या संगणकप्रणालीवर, असे नकाशे करतो आणि अधूनमधून त्याच जागांवर जाऊन चिखलात उभा राहतो. दोन्ही कामांची गोडी वेगळी. पण ठिपक्यांनी मला फारसे कधी अडवले नाही. अडवले ते कोऱ्या जागांनी.

नदीला पूर आला की पाणी काठ ओलांडून पसरते, पसरले की मंदावते आणि मंदावले की अंगावरचा गाळ खाली टाकते. एका पुरात पडणारा थर नखाएवढाही नसेल. पण शतकानुशतके हेच चालू राहिले की मीटरच्या मीटर गाळ साचतो आणि त्याखाली अख्खे गाव गेले तरी वरून चालणाऱ्याला एक खापर दिसत नाही. उतारावर नेमके उलटे. तिथली माती धुपते, घरांचे तळ, चुली, भांडी सगळे पावसाबरोबर खाली जाते. म्हणजे एकीकडचा पुरावा पुरला गेला, दुसरीकडचा वाहून गेला आणि मधल्या एखाद्या पट्ट्यात, जिथे माती फारशी साचली नाही आणि फारशी झिजलीही नाही, तिथला तेवढा वर राहिला. आपले ठिपके त्या पट्ट्यात असतात. त्यांची रांग पाहून आपण प्राचीन माणसाचा स्वभाव ठरवायला निघतो.

यावर उपाय एकच, आणि तो संगणकात नाही. खाली काय आहे ते बघायचे.

हातगिरमिट हे साधे अवजार. वर आडवी मूठ, खाली लांब दांडा, टोकाला माती धरून ठेवणारे पाते. दोघांनी मिळून फिरवायचे, वीतभर उतरले की उपसायचे आणि पात्यातली माती मधोमध चिरलेल्या पीव्हीसी पाइपात क्रमाने मांडायची. आधी नांगरटीची भुसभुशीत माती येते. मग फिकट तपकिरी पोयटा. हा बोटांत चोळला तर गुळगुळीत लागतो, पण कणभर दाताखाली धरला तर किंचित करकरतो. चिकणमाती करकरत नाही. ती ओली करून अंगठ्याने पुढे सारत गेले की न तुटता फीत निघते. प्रयोगशाळेतल्या मंडळींना हे प्रकार अडाणीपणाचे वाटतात. वाटू देत. बांधावर उभे असताना पोयटा आणि चिकणमाती यांतला फरक सांगायला दाताइतके भरवशाचे उपकरण मला अजून मिळालेले नाही.

खाली जावे तसे हात भरून येतात आणि तोच तो फिकट गाळ पाहून कंटाळाही येतो. मग एका वळशाला रंग बदलतो. काळपट माती, तिच्यात मुळांच्या बारीक पोकळ नळ्या, गांडुळांनी वरखाली केलेले कण, एखादा कोळशाचा ठिपका. हा थर म्हणजे एके काळची उघडी जमीन. गाळ पडायचा थांबला, पृष्ठभाग बराच काळ ऊनपावसात राहिला, गवत उगवले, कुजले, तरच माती अशी काळी पडते. माणूस शोधायचा तर इथे. हाच थर करडा-निळसर असेल आणि त्यात तांबूस डाग असतील, तर समजायचे की जागा वर्षातला बराच काळ पाण्याने तुंबलेली असायची. तिथे घर बांधायला कोणी गेले नसेल. दोन गिरमिटी छिद्रांत शंभर पावलांचे अंतर आणि एकात ओल्या दलदलीची माती, दुसऱ्यात कोरड्या पायवाटेची. वर मात्र दोन्हीकडे सारखेच सपाट शेत.

त्या काळपट थराचे पुढेही बरेच करता येते. तो न मोडता धातूच्या डबीत कापून आणायचा, त्यात राळ मुरवायची, कडक झाला की घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करायची. सूक्ष्मदर्शकाखाली पायांनी तुडवलेली जमीन वेगळी ओळखू येते, राख वेगळी, शेणातले चुन्याचे सूक्ष्म गोलक वेगळे. गोठा होता की अंगण, एवढ्यापर्यंत बोलता येते. शिवाय फॉस्फेट आहेच. माणसा-जनावरांची घाण, हाडे, खरकटे यांतला फॉस्फरस मातीला घट्ट चिकटून राहतो. १९३० च्या सुमारास स्वीडनमध्ये शेतजमिनींचे नमुने तपासताना ओलोफ आऱ्हेनियस यांच्या लक्षात आले, की काही ठिकाणी फॉस्फेट विनाकारण जास्त आहे आणि ती ठिकाणे जुन्या वस्त्यांची आहेत. वर भिंत नाही, खापर नाही. माती तेवढी बोलते.

आता वय. सेंद्रिय काही सापडले तर कार्बन-१४ आहे, पण त्याची मजल साधारण ५०,००० वर्षांपर्यंत, आणि पुराच्या गाळात कोळसा मिळेलच असे नाही. मिळाला तरी तो दुसरीकडून वाहत आलेला असू शकतो. माझी आवडती पद्धत ओएसएल (प्रकाशाने कण चेतवून वय काढण्याची रीत), कारण ती थेट वाळूच्या कणालाच विचारते : तू ऊन शेवटचे कधी पाहिलेस? क्वार्ट्झचा कण जमिनीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या अत्यल्प किरणोत्सर्गाने त्याच्या स्फटिकात ऊर्जा अडकत जाते. उन्हात आला की ती मोकळी होते आणि हिशेब शून्यावर येतो. म्हणून नमुना घेताना त्याला उजेड लागू द्यायचा नाही. ताज्या खरवडलेल्या छेदात पोलादी नळी हातोड्याने ठोकायची, बाहेर काढताच दोन्ही टोके बंद करायची आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्याखाली उघडायची. तिथे कणांवर ठरावीक प्रकाश टाकला की अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. ती मोजायची आणि मातीतल्या वार्षिक किरणोत्सर्गाने भागायची. उत्तर येते : इतक्या वर्षांपूर्वी हा कण अंधारात गेला. नळी ठोकताना छेदाचा कोपरा ढासळला की सगळे एकमेकांकडे बघतात आणि कोणी काही बोलत नाही.

एवढे सांगितले ते घग्गर-हाक्रा या जुन्या नदीपात्रासाठी. नकाशा आणि माती समोरासमोर आल्यावर काय होते, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. उपग्रहचित्रांत हरियाणा, राजस्थान आणि पुढे पाकिस्तानातल्या चोलिस्तानपर्यंत एका जुन्या पात्राची रुंद पट्टी दिसते. तिच्या काठाने सिंधू संस्कृतीच्या वस्त्यांचे ठिपके मांडले की चित्र स्वतःच बोलू लागते : इथे हिमालयातून येणारी मोठी बारमाही नदी होती, तिच्या काठी शहरे वसली, नदी आटली आणि शहरे उठली. पट्टीही खरी आणि ठिपकेही खरे. पण पडद्यावर दोघे एकाच वेळी दिसतात, म्हणून ते एकाच काळचे होते असे नव्हे.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयआयटी कानपूर आणि इम्पीरियल कॉलेज लंडन इथल्या संशोधकांनी, राजीव सिन्हा, अजित सिंग, संजीव गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, राजस्थानातल्या कालीबंगा या सिंधू संस्कृतीच्या शहराजवळ पात्रात खोल छिद्रे पाडली. खाली अभ्रकाने चमकणारी करडी वाळू लागली, तशी हिमालयातल्या मोठ्या नद्या आणतात. तिच्यातल्या झिरकॉन या टणक खनिजाच्या आणि अभ्रकाच्या कणांची वये सतलजच्या वाळूशी जुळली. म्हणजे इथून सतलज वाहत होती, ही गोष्ट पक्की. मग ओएसएल. त्यातून निघाले की सतलजने ही वाट सोडायला सुमारे १५,००० वर्षांपूर्वी सुरुवात केली आणि सुमारे ८,००० वर्षांपूर्वी ती पूर्णपणे आजच्या मार्गाला लागली. कालीबंगाचे नागर वैभव त्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षांनी आले.

मला या निष्कर्षात आवडते ते हे, की त्याने गोष्ट लहान केली नाही, उलट अधिक गुंतागुंतीची केली. मोठ्या नदीने सोडलेली दरी ही राहायला वाईट जागा नाही. काठ फोडून गाव घेऊन जाणारे महापूर नाहीत, नदी रात्रीत पात्र बदलेल ही भीती नाही, आणि पावसाळी घग्गरचे पाणी त्या खोलगट भागात पसरून बारीक, ओल धरणारा गाळ टाकत राहते. कालीबंगाच्या उत्खननात, १९६० च्या दशकात, बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या चमूला तटबंदीच्या बाहेर एक नांगरलेले शेत सापडले होते, हडप्पा काळाच्याही आधीचे. पूर्व-पश्चिम सरी सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, उत्तर-दक्षिण सरी सुमारे १९० सेंटिमीटरवर. एकाच रानात दोन पिके घ्यायची सोय. नदी निघून गेलेल्या दरीच्या कडेला कोणी तरी आडवी-उभी नांगरट करत होते, ही मला त्या सगळ्या प्रदेशातली सर्वांत बोलकी नोंद वाटते.

हा वाद मिटला असे मात्र कोणी समजू नये. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच पात्रातल्या वाळूवरून असे मांडले, की ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वीच्या काळात प्रवाह पुन्हा बारमाही झाला होता. दोन्ही बाजू वाळूचे कण मोजून भांडत आहेत, हे मला समाधानाचे वाटते. नुसते ठिपके आणि पट्टी दाखवून भांडण्याचे दिवस गेले असते तर आणखी बरे झाले असते.

कोऱ्या जागेचा आणखी एक प्रकार ट्रॉयला भेटतो. तुर्कस्तानातले हे टेकाड आज समुद्रापासून काही किलोमीटर आत, सपाट शेतांच्या कडेला उभे आहे. त्या मैदानात प्राचीन वस्ती का नाही? जॉन क्राफ्ट, इल्हान कायान आणि ओउझ एरोल यांनी मैदानात छिद्रे घेतली आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडला. शेताखाली नदीचा गाळ, त्याखाली सागरी चिखल आणि शिंपले. पाचेक हजार वर्षांपूर्वी तिथे खाडी होती, टेकाडाच्या पायथ्याला भिडलेली. कारामेंदेरेस आणि दुमरेक या दोन नद्यांनी ती बुजवत आणली. तिथे गाव नव्हते, कारण जमीनच नव्हती.

आणि याच्या बरोबर उलट, उत्तर समुद्र. तिथे आज नुसते पाणी. १९३१ मध्ये कोलिंडा नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचा, म्हणजे दलदलीत साचून दबलेल्या वनस्पतींचा, गठ्ठा आला आणि त्यात शिंगाचे कोरलेले दातेरी टोक निघाले. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा ब्रिटन युरोपच्या मुख्य भूमीला जोडलेले होते. पुढे व्हिन्सेंट गॅफनी आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल-वायूच्या शोधासाठी घेतलेल्या भूकंपलहरींच्या नोंदी मागून घेतल्या. तेलवाल्यांना खोलवरचे हवे होते. यांनी वरचे, त्यांच्या दृष्टीने फुकट असलेले थर वाचले आणि सुमारे २३,००० चौरस किलोमीटरवरच्या नद्या, तळी, किनारे नकाशावर आणले. दुसऱ्याच्या कामातले टाकाऊ आपल्याला सोने, हे या क्षेत्रात वारंवार होते.

लायडारबद्दल लिहिले नाही तर वाचक विचारतील. विमानातून लेझरचे लाखो स्पंद सोडायचे. बहुतेक पानांवर आपटून परततात, थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. ते थोडे वेगळे काढले की झाडे उतरवलेली जमीन हाती येते. बेलिझमधल्या काराकोल या माया शहरावर आर्लेन आणि डायेन चेस हे दांपत्य १९८० च्या दशकापासून काम करत होते. जंगल तोडत, दोऱ्या लावत त्यांनी सुमारे २३ चौरस किलोमीटर मोजले होते. २००९ मध्ये काही दिवसांच्या उड्डाणांत २०० चौरस किलोमीटर मिळाले, आणि डोंगरउतारांवर मैलोन् मैल शेतीच्या पायऱ्या. ग्वाटेमालातून २०१८ मध्ये २,१४४ चौरस किलोमीटरवर ६१,४८० बांधकामे नोंदली गेली. जंगल म्हणजे निर्जन, हा समज त्या आकड्यांनी मोडला, त्याबद्दल लायडारला शंभर गुण.

पण त्या चित्राशी जरा जपून वागावे लागते. पडद्यावर दिसणारी उजेड-सावली खोटी असते. संगणक वायव्येकडून ऊन पडल्याचे मानतो आणि उंचवटे रंगवतो. त्या उन्हाच्या दिशेला समांतर असलेला बांध सावलीच पाडत नाही, म्हणून दिसत नाही. दिवा फिरवला की तो उगवतो आणि दुसरा मावळतो. झाडे काढणारी गणिते बुटक्या भिंतीला झुडूप समजून खरवडून टाकतात, कधी झुडपाला चबुतरा करतात. सगळ्यांत मोठी गोम वेळेची. फळा न पुसता दिवसभराचे सगळे तास एकावर एक घ्यावेत, तसे ते चित्र असते : हजार वर्षांपूर्वीची पायरी, मधल्या काळातला कालवा, परवाचा लाकूडतोड्यांचा रस्ता, सगळे एकाच खडूने. कुठली रेघ आधीची हे लायडार सांगत नाही. त्यासाठी पुन्हा पायरीमागे खड्डा घ्यावा लागतो आणि नळी ठोकावी लागते.

जुन्या चित्रांचे मोल मला नव्या यंत्रांपेक्षा जास्त वाटते, हा माझा पक्षपात समजा. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी फिल्मवर फोटो काढले. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली येई आणि विमान तिला हवेतच झेलत असे. १९९५ मध्ये हा साठा खुला झाला. सीरियाच्या ईशान्येकडील टेल ब्राकसारख्या टेकाडांभोवती त्यात गडद रेघा दिसतात, मध्यापासून बाहेर फाकत गेलेल्या. त्या कांस्ययुगातल्या वाटा. माणसे आणि मेंढरे रोज गावातून रानात जात. पायांनी माती सुटली, पावसाने वाहिली, वाट खोलगट झाली. दोन्ही बाजूंना उभे पीक असल्याने कळप वाट सोडून पसरू शकत नव्हते, म्हणून ती एका जागी दबत गेली. आणि काही अंतरावर ती अचानक विरते. तिथे पीक संपले, कुरण लागले, कळप मोकळे सुटले. पुरातत्त्वज्ञ जेसन उर यांनी या वाटा जीआयएसमध्ये उतरवल्या. वाटा विरतात ती टोके जोडली की साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या शिवाराची हद्द मिळते. जमिनीवर उभे राहून यातले जवळजवळ काही दिसत नाही, आणि नंतरच्या ट्रॅक्टर-कालव्यांनी बऱ्याच वाटा कायमच्या मिटवल्या.

अशा खऱ्या वाटा पाहिल्या की संगणकाने काढलेल्या वाटांकडे मी थोडे हसूनच बघतो. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांचे १९९३ चे सूत्र आहे : सपाटीवर माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो, पाच टक्के उतारावर ६, चढ वाढला की वेग घसरतो. उंचीचा नकाशा आणि हे सूत्र दिले की दोन गावांमधली कमीत कमी कष्टाची वाट निघते. उपयोगी आहे, मीही वापरतो. पण डोक्यावर ओझे आहे का, पलीकडच्या गावाशी वैर आहे का, याचा त्याला पत्ता नसतो. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे उंचीचा नकाशा आजचा असतो. बुजलेली खाडी त्यात सपाट जमीन, उपसलेली टेकडी त्यात खड्डा. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपण आजच्या जमिनीवरून चालवतो आणि तो कुठे पोचला ते दशांश चिन्हासह सांगतो.

म्हणून हल्ली मी नकाशात कोरी जागा कोरी सोडत नाही. जिथे जुनी जमीन गाळाखाली आहे तिथे तिरप्या रेघा आणि गाळाची अंदाजे जाडी. जिथे उतार झिजला तिथे उभ्या रेघा. तेव्हा पाणी होते तिथे निळी जाळी. जिथे कोणी फिरलेच नाही तिथे करडा रंग. हा रंग बहुतेक नकाशांत सर्वांत जास्त जागा खातो आणि सर्वांत जास्त लाजवतो. आणि पाचवा प्रकार पिवळा : जिथे छिद्र घेतले, जुनी जमीन लागली, तिचे वय कळले, आणि तरीही माणसाची खूण नाही. ‘इथे कोणी राहत नव्हते’ हे वाक्य फक्त त्या पिवळ्यात लिहिता येते.

एका संपादकांनी असा नकाशा परत पाठवला. एवढ्या रेघांत ठिपके उठून दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. मी रेघा तशाच ठेवल्या आणि ठिपके आणखी लहान केले.